आबासाहेबांना लावायचा शब्द

सेलूच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या वैजीनाथराव अर्जनवीसांना त्या उन्हाळ्यात फक्त एक शब्द हवा होता. उन्हाळ्यात माणसाला लागून लागून काय लागतं? पाणी लागतं, पंखा लागतो, फार झालं तर एखादं कलिंगड. वैजीनाथरावांना शब्द लागला. बरं, एरवी लागला असता तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण तो लागला तेव्हा सगळी गल्ली पाण्यावाचून बसली होती, आणि शब्द मिळाल्याशिवाय पाणी मिळणार नाही अशी वैजीनाथरावांची पक्की खात्री होती.

झालं होतं असं. गल्लीच्या टोकाला आबासाहेबांची विहीर. जागा आबासाहेबांची, पण पाणी गल्लीचं, हा पणज्यापासूनचा रिवाज. त्या वर्षी आबासाहेबांनी घरामागच्या तुकड्यात मोसंबीची रोपं लावली आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर फळ्यांचं झाकण टाकून त्याला पितळी कुलूप ठोकलं. पाणी झाडांनाच पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं तर विहीर निम्मी भरलेली होती. फळ्यांच्या फटीतून खडा टाकला की डुबुक असा आवाज यायचा, आणि तो ऐकला की तहान आणखी वाढायची.

दगडाबाईची सून नुकतीच बाळंत झाली होती. म्हातारी एका घागरीसाठी आबासाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली. आबासाहेबांनी कुलूप काढलं, भली मोठी बादली भरून वर घेतली आणि म्हातारीच्या देखत अंगणात शिंपडून टाकली. बैठकीवर धूळ येते म्हणून. वर म्हणाले, “उभ्या ऱ्हावा घडीभर. सडा बघून डोळे थंड होतील.” हे गल्लीत कळलं त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही. कुलपाचा राग एक असतो. हा राग वेगळाच होता.

तेव्हापासून गल्लीच्या बायका जिनिंगच्या पलीकडच्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या. पाऊण मैल जायचं, पाऊण मैल यायचं. वैजीनाथरावांच्या पत्नी सारजाबाई सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन खेपा करायच्या, डोक्यावर घागर आणि कडेवर कळशी घेऊन.

“आता अर्जच करतो,” वैजीनाथराव म्हणाले, आणि सगळ्या गल्लीला हायसं वाटलं. पुढचं गल्लीला अजून ठाऊक नव्हतं.

वैजीनाथरावांनी अर्ज लिहिण्याची विद्या निजामाच्या अमलात एका उस्तादाजवळ बसून घेतली होती. उस्तादांची शिस्त अशी, की आधी हाकिमाची तारीफ करायची, मग ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याचा स्वभाव एका शब्दात ठोकायचा, आणि हकीकत सगळ्यात शेवटी. उस्ताद म्हणायचे, हाकिमाला वेळ नसतो. तो एक शब्द वाचतो, मनातल्या मनात निकाल देतो आणि बाकीचं पानं उलटण्यापुरतं वाचतो. वैजीनाथरावांनी पंचवीस वर्षं हीच शिस्त पाळली. उर्दूत असे शब्द त्यांच्या लाकडी पेटीत टाकाप्रमाणे तयार असायचे. पण मराठवाडा मुंबई राज्यात गेल्याला आता पाच-सहा महिने झाले होते. कचेरीत पुण्याकडचे तहसीलदार आले होते, आणि अर्ज मराठीत पाहिजे असं फर्मान सुटलं होतं. हे फर्मान ‘फर्मान’ राहिलं नसून ‘परिपत्रक’ झालं आहे, हेही त्यातच लिहिलं होतं.

पहिला अर्ज त्यांनी सवयीने ‘जालिम’, म्हणजे जुलमी, घालून दिला. दुसऱ्या दिवशी पेशकाराने तो परत केला. पेशकाराचाही आता अव्वल कारकून झाला होता, पण माणूस तोच आणि डुलकीही तीच. ‘जालिम’खाली तांबडी रेघ आणि शेरा: मराठी शब्द घालावा. खरं सांगायचं तर वैजीनाथरावांना फार वाईट वाटलं नाही. ‘जालिम’ त्यांनीच वापरून वापरून पार झिजवला होता. एकाची शेळी दुसऱ्याच्या कुंपणाचा पाला खाऊन गेली, तर त्या शेळीच्या मालकालाही त्यांनी जालिम लिहिलं होतं. आबासाहेबांना ताजा शब्द हवा होता.

मग रोज दुपारी वैजीनाथरावांच्या ओट्यावर बैठक भरू लागली. अर्जावर सतरा जणांचे अंगठे आणि सह्या पडायच्या होत्या, म्हणजे शब्द सतरा जणांना पटायला हवा. जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर असलेला सूर्यभान प्रत्येक शब्द कापसासारखा तोलून बघायचा.

“स्वार्थी लिहू?” वैजीनाथरावांनी विचारलं.

“हलका पडतो,” सूर्यभान म्हणाला. “स्वार्थी तर मी बी हाय. काल घरात एकच भाकर उरली होती, ती म्याच खाल्ली.”

“तू खाल्लीस,” दगडाबाई म्हणाली, “पन बायकूला दावून कुत्र्याला न्हाई टाकलीस.”

म्हातारीने नेमकं बोट ठेवलं होतं. स्वार्थी हा अर्धाच माणूस झाला.

“मग क्रूर लिहितो.”

“क्रूर म्हनलं की साहेब इचारनार, मारलं कुनाला? त्यानं तर कुनाला बोट बी लावलं न्हाई.”

म्हणजे हा दुसरा अर्धा. दोन शब्द लिहावेत तर उस्तादांची शिस्त मोडते. दोन शब्दांत स्वभाव सांगणाऱ्या अर्जनवीसाला उस्ताद हमाल म्हणायचे. वैजीनाथरावांनी कागद फाडला.

चौथ्या दिवशी चंद्रभान मास्तरांना बोलावणं गेलं. मास्तरांचं संस्कृत होतं, आणि ते आहे हे कुणाला विसरू देणं त्यांना जमत नसे. त्यांनी डोळे मिटले, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, “नृशंस.”

शब्द दांडगा होता यात शंका नाही. वैजीनाथरावांनी तो झोकदार अक्षरात लिहिला आणि शाईची गादी दगडाबाईपुढे सरकवली. म्हातारीने हात पदराखाली घेतला.

“त्यो शबूद लय खडबडीत हाय, बाबा. त्याच्यावर माझा अंगठा उठायचा न्हाई. उद्या साहेबानं इचारलं, बाई, तू आबासाहेबाला काय म्हनलीस, तर मी काय सांगू? मला म्हनताच येत न्हाई.”

तिचं ऐकून बाकीच्या अंगठ्यांनीही माघार घेतली. मास्तर दुखावले, पण हरले नाहीत. त्यांनी ‘नराधम’ काढला. त्यावर सूर्यभान म्हणाला की असल्या माणसाला सरकार फाशी देतं, आणि आपल्याला फाशी नको, कुलूप काढून पाहिजे. मास्तर पुढचे दोन दिवस बैठकीला आले नाहीत.

मग कुणीतरी ‘कसाई’ सुचवला. सुटसुटीत, सगळ्यांना कळणारा, अंगठ्यालाही सोपा. वैजीनाथरावांनी लिहून टाकला. पण सेलूत एखादी गोष्ट कागदावर वाळायच्या आत बाजारात पोचते. संध्याकाळी कासिमभाई खाटीक स्वच्छ कुडता घालून ओट्यासमोर उभे राहिले.

“अर्जनवीससाब, सुन्या की उस कुलूपवालेकू तुमे मेरा नाम दे रै.” कासिमभाईंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागत होता. “मै जानवर काटतूं, सच बात है. पन काटने के पैले उसकू पानी पिलातूं.”

वैजीनाथरावांनी त्यांच्यासमोरच ‘कसाई’ खोडला आणि चहा मागवला. चहा आत करायचा होता आणि आतल्या रांजणात पाणी तळाला गेलं होतं. सारजाबाई पाचवी खेप आणायला निघाल्या. त्या दिवशी खेपा पाच झाल्या, हे वैजीनाथरावांच्या लक्षात आलं नाही. ते शब्दाच्या विचारात होते.

‘लांडगा’ हा शब्द त्यांना स्वतःला सुचला आणि म्हणूनच तो त्यांना विशेष आवडला. मेंढरांच्या चराईचा अर्ज लिहून घ्यायला सटवाजी धनगर आला होता. त्याला त्यांनी मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला. सटवाजीने घोंगडी झटकली. “लांडगा कशाला बदनाम करता, मालक? माझी सात मेंढरं नेली त्यानं, पन पोट भरल्यावर वळून बी बघत न्हाई. ह्याचं पोट भरतंय कुठं?” सटवाजीचं ऐकायला हवं होतं. पण वैजीनाथरावांचा धीर सुटला होता. त्यांनी अर्ज दिला. ‘आमच्या गल्लीत विहिरीवर लांडगा बसला असून तो पाण्यास येणाऱ्या बायकांवर गुरकावतो’ असं झकास पहिलं पान. तो लांडगा म्हणजे कोण, हा खुलासा दुसऱ्या पानावर. पेशकाराला डुलकी पहिल्या पानाच्या तळाशी लागत असे. अर्ज जंगलखात्याकडे रवाना झाला.

आठ दिवसांनी जिंतूरकडून बंदूक घेऊन एक गार्ड उतरला. गल्लीतल्या सगळ्यांनी दारं लावून घेतली, सटवाजीने मेंढरं दोन कोस लांब नेली, आणि वैजीनाथराव गार्डाला अलंकार म्हणजे काय ते समजावत उन्हात उभे राहिले.

“ते सगळं खरं,” गार्ड म्हणाला, “पन मला रिपोट लिहावा लागतो. लांडगा दावा, न्हाईतर न्हाई म्हनून लिहून द्या.”

लांडगा दाखवायला वैजीनाथरावांनी आबासाहेबांच्या दाराकडे बोट केलं, आणि तिथेच घोटाळा झाला. आबासाहेबांनी हसत हसत गार्डाला बैठकीवर बसवलं, वाळा टाकलेलं थंडगार पाणी दिलं, दुपारी जेवू घातलं. गार्डाने रिपोर्ट लिहिला: विहिरीवर लांडगा आढळून आला नाही. विहिरीचे पाणी गोड आहे.

या रिपोर्टाने वैजीनाथरावांची झोप उडाली. पंचवीस वर्षांच्या लेखणीवर सरकारी कागदाने डाग लावला होता. आता प्रश्न पाण्याचा राहिला नाही, असं ते ओट्यावर म्हणालेसुद्धा. दगडाबाईने त्यांच्याकडे जरा टक लावून पाहिलं.

त्यानंतर आबासाहेब स्वतः त्यांच्या लिंबाखाली आले. शब्दाची सगळी कथा त्यांच्या कानावर होती आणि तिची त्यांना फार गंमत वाटत होती.

“काय अर्जनवीस, सापडलो का मी? महिना झाला शोधायलात म्हनं. हे बघा, तुमच्या घरापुरत्या दोन घागरी रोज घेऊन जावा, मागच्या दारानं. बाकीच्यांना कळू देऊ नका, अन ते कागद चुलीत घाला.”

वैजीनाथराव ताठ उभे राहिले. कोटाची सगळी बटणं त्यांनी लावली. “आबासाहेब,” ते म्हणाले, “आमची मान मोडली तरी वाकायची नाही!”

लिंबाखालच्या लोकांनी वाहवा केली, आणि बोलणंही बाणेदार होतं. ज्या मानेवर घागर होती ती मान सारजाबाईंची होती, ही बारीक गोष्ट त्यात राहून गेली.

घरी येऊन त्यांनी सगळा प्रसंग अभिनयासह सांगितला. सारजाबाई नुकतीच घागर उतरवून भिंतीला टेकल्या होत्या.

“बरं केलं,” त्या म्हणाल्या. “त्याचं चोरून पानी नगंच आपल्याला. पन अर्ज कवा जायचा?”

“शब्द मिळाला की.”

“बिनशबदाचा देता येत न्हाई का? कुलूप घातलंय, ते काढा. येवढंच लिव्हा की.”

वैजीनाथराव हसले. अडाणी माणसाच्या भाबडेपणाला सुशिक्षित माणूस जसा हसतो तसं, म्हणजे मायेने आणि थोडं वरून. “अगं, तो अर्ज नाही झाला, चिठ्ठी झाली. असं कुणी वाचत नसतं.”

मग बातमी आली की तहसीलदारांची बदली झाली. शनिवार त्यांचा शेवटचा दिवस. नवा साहेब पाऊस लागल्यावर येणार. शुक्रवारी ओट्यावर शेवटची बैठक झाली आणि तिच्यात ‘कंस’ या शब्दावरून सूर्यभान आणि मास्तर हमरीतुमरीवर आले. कंसाला निदान मरणाची भीती होती, आबासाहेबांना कशाची होती, असं सूर्यभानाचं म्हणणं. अर्ज तयार होता, फक्त शब्दाची जागा कोरी होती. मास्तरांनी परभणीहून एक जाडजूड कोश मागवला होता. शनिवारी सकाळीच त्यात बसायचं ठरलं.

शनिवारी वैजीनाथराव टोपी घालून निघाले तेव्हा सारजाबाई मान एका बाजूला धरून दारात उभ्या होत्या.

“अवो, आजची येवढी एक खेप आनून देता का? मानंत उसन भरलीय. वळंनाच झालीय.”

“आज?” वैजीनाथराव दचकले. “आज निकालाचा दिवस, आणि मी डोक्यावर घागर घेऊन बाजारातून जाऊ? लोक काय म्हणतील? तू दगडाबाईला सांग ना.” दगडाबाई सत्तरीची होती. पण ते उंबऱ्याबाहेर पडले होते आणि कोश वाट बघत होता.

मास्तरांनी आणि त्यांनी ‘अ’पासून सुरुवात केली. आणि काय सांगावं, दैव कधी कधी पहिल्याच पानांत बसलेलं असतं! दहाच्या सुमारास ‘आ’मध्ये मास्तरांचं बोट थांबलं. आत्मंभरी. केवळ आपलेच पोट भरणारा.

“पण क्रौर्य?” वैजीनाथरावांनी श्वास रोखून विचारलं.

“आलंच त्यात,” मास्तर म्हणाले. “आपलंच भरतो म्हणजे शेजारी तहानेने तडफडला तरी त्याला दिसत नाही. बघून दुष्टपणा करण्यापेक्षा न बघणं वाईट. समोरच्याचे हाल डोळ्यांपुढे चाललेत आणि हा आपल्याच नादात!”

वैजीनाथरावांनी मास्तरांना मिठी मारली. अडतीस दिवसांनी शब्द मिळाला होता! पण उत्साहाच्या भरात त्यांनी सबंध अर्ज नव्याने, सुंदर अक्षरात, समासासह उतरवून काढला, आणि कचेरीत पोचायला त्यांना दोन वाजले.

“अर्ज कसला?” पेशकार डोळे चोळत म्हणाला. “तुमच्या गल्लीचं काम सकाळीच झालं की. घरचेच येऊन गेले तुमचे.”

वैजीनाथराव घरी पळत गेले. गल्लीत शिरताच त्यांना रहाटाची करकर ऐकू आली. विहिरीवरच्या फळ्या बाजूला पडल्या होत्या, बायका पाणी भरत होत्या, मुलं ओली होऊन ओरडत होती. आबासाहेब बैठकीवर बसून मोसंबीकडे बघत होते आणि त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं. सारजाबाई घराच्या उंबऱ्यात मानेला ऊन मिठाचा शेक देत बसल्या होत्या.

“कुणी केलं हे?”

“आमी. बारा-तेरा बायका रिकाम्या घागरी घेऊन गेलो, साहेबाच्या दारात मांडल्या. साहेब बाहीर आले. म्हनले, काय हाय? म्या म्हनलं, वहिवाटीच्या हिरीला कुलूप हाय, ते काढा. साहेबानं मानूस धाडला, काढलं.”

“आणि आबासाहेबांना काय म्हणालीस? शब्द कुठला घातलास?”

“काईच न्हाई. त्याचं काम पडलं न्हाई.”

वैजीनाथराव हातातला अर्ज धरून तसेच उभे राहिले. “साहेब आणखी काही बोलले?”

सारजाबाईंनी शेकाची पुरचुंडी दुसऱ्या बाजूला घेतली. “इचारलं, किती दिस झाले. म्हनलं अडतीस. म्हनले, मग अर्ज का न्हाई दिला? म्हनलं, आमचे मालक शबूद शोधायलेत. ज्याला सोताबिगर काई दिसत न्हाई, दुसऱ्याचे हाल दिसत न्हाईत, अशा मान्साला काय म्हनावं त्यो. साहेब लय हसले. मग इचारलं, तवर पानी कोन आनत होतं? म्हनलं, मी. अन मालक? म्हनलं, ओट्यावर.”

“मग?”

“मग हसायचे थांबले. म्हनले, बाई, शबूद सापडला तर तुमच्या मालकांना म्हनावं, दोनदा लिव्हा.”

वैजीनाथरावांना आत्ताच, पहिल्यांदा, सारजाबाईंच्या डोक्याकडे नीट पाहावंसं वाटलं. भांगाच्या मागे, जिथे चुंबळ बसायची तिथे, रुपयाएवढी जागा केस झिजून पांढरी पडली होती. ती केव्हापासून होती कोण जाणे. अडतीस दिवस ती त्यांच्यासमोरून दिवसातून चारदा गेली होती, आणि एकदा पाचदा. त्यांना आपली भयंकर लाज वाटली.

त्यांनी टोपी खुंटीला लावली, कोट काढला, घागर उचलली आणि विहिरीवर गेले. बायकांनी आश्चर्याने वाट दिली. वैजीनाथरावांनी घागरीला फास घातला, तो दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला. दगडाबाई बाजूला कळशी घेऊन उभी होती.

“अर्जनवीस,” ती म्हणाली, “सापडला का रं बाबा त्यो शबूद?”

“सापडला,” वैजीनाथराव दोर ओढत म्हणाले. “घरातच होता.”

पहिली घागर घरी पोचेपर्यंत अर्धी सदऱ्यावर सांडली. सारजाबाईंनी घागरीत डोकावून बघितलं आणि बसल्या जागेवरून हात लांबवून कळशी त्यांच्यापुढे सरकवली.